स्टॉर्म सर्ज मॉडेलचा आकडा मुंबईच्या गेजशी जुळत नाही: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

लक्षणं

स्टॉर्म सर्ज म्हणजे वादळामुळे समुद्राचं पाणी नेहमीच्या भरतीच्या वर चढणं, आणि ते किती चढेल हे संगणकावर काढतं ते सर्ज मॉडेल. मॉडेल न अडखळता पूर्ण चालतं, नकाशाही देखणा येतो. पण अपोलो बंदरच्या टाइड गेजच्या, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीशेजारी आलेख ठेवला की दोघांचं जमत नाही. ॲडसर्क असो, डेल्फ्ट थ्रीडी असो की कुणी स्वतः लिहिलेला कोड, मुंबईच्या किनाऱ्यावर तक्रारी त्याच त्या येतात:

• भरतीचा आकार बरोबर, वेळ चुकलेली. गेजवर भरती असताना मॉडेलमध्ये ओहोटी.
• सगळा आलेख वर किंवा खाली सरकलेला, आणि हा फरक शांत दिवशीही तेवढाच, अडीच मीटरच्या आसपास.
• शांत दिवशी सगळं जुळतं. वादळाच्या दिवशी सर्जचा माथा फार उंच किंवा फार बुटका.
• वादळ किनाऱ्यावर येतंय आणि मॉडेल म्हणतंय पाणी उतरतंय.
• अपोलो बंदरला ठीक, पण माहीमच्या खाडीत किंवा ठाणे खाडीच्या वरच्या टोकाला काहीच्या काही.
• कालचा अंदाज आणि आजचा अंदाज यांत दीड मीटरचा फरक. बाकी सगळं सेटिंग तेच.

पहिल्या तीन आणि पाचव्या लक्षणामागे बहुतेक वेळा सरळ चूक असते आणि ती दुरुस्त होते. चौथ्यामागे चूकही असू शकते किंवा मॉडेल खरंही सांगत असू शकतं. शेवटचं लक्षण खऱ्या अनिश्चिततेचं आहे. अहवालात मात्र हे सगळं एकाच ओळीत गुंडाळलं जातं: ‘मॉडेलमध्ये अनिश्चितता आहे.’ मला हे वाक्य मनापासून खटकतं. त्या आकड्यावर पुढे कुणीतरी होड्या वर ओढायच्या का, किनाऱ्यालगतची वस्ती हलवायची का, हे ठरवणार असतं. घड्याळाची चूक शोधून काढून टाकता येते. वादळाचा मार्ग नक्की कुठून जाईल हे काढून टाकता येत नाही, ते मोजून सांगावं लागतं. दोन्ही एकत्र मिसळली की ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. तो मोडू नका. घर्षणाचा गुणांक बदलून डेटमची (उंची ज्या शून्यापासून मोजतात त्याची) चूक लपवता येते, आणि अशी लपलेली चूक पुढच्या वादळात बाहेर येते.

सगळ्यात आधी: वारा बंद करून एक रन

वादळ बाजूला ठेवा. वारा नाही, हवेचा दाब सगळीकडे सारखा, फक्त भरती-ओहोटी. पंधरवडाभराचा शांत काळ घ्या म्हणजे त्यात उधाणही येईल आणि भांगही, म्हणजे कमीत कमी चढउताराचे दिवसही. शक्यतो पावसाळ्याच्या बाहेरचा, जानेवारी-फेब्रुवारीतला. मॉडेलला पाणी हलतं करायला सुरुवातीचे काही दिवस द्या आणि ते तुलनेतून वगळा. मग अपोलो बंदरच्या नोंदीशी किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकाशी ताडून बघा.

हे फुकट आहे आणि रात्रभरात होतं. तरीही बहुतेक जण ही पायरी गाळतात, कारण सगळ्यांना वादळ बघायचं असतं. पण साधी भरती ज्या मॉडेलला जमत नाही, त्याच्या सर्जवर बोलण्यात अर्थ नाही. मुंबईत तर नाहीच. इथे उधाणाच्या दिवसांत सरासरी भरती चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांचा शून्य, साधारण सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी) ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त चढउतार रोज दोनदा. पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे, हा चढउतार मीटरभराच्या आसपास असतो. तिथे भरती थोडी चुकली तरी सर्जचा आकडा तगतो. मुंबईत भरतीतली चूक सर्जला गिळून टाकते.

घड्याळ

भरतीची वेळ चुकत असेल तर इथेच थांबा, पुढे जाऊ नका. गेजची नोंद भारतीय वेळेत आहे की जागतिक वेळेत? वाऱ्याची फाइल? वादळाच्या मार्गाची फाइल? मॉडेल सुरू होण्याची तारीख-वेळ? चारही ठिकाणी वेळ लिहून काढा. हवामानाच्या फाइल जवळजवळ नेहमी जागतिक वेळेत असतात, भरतीचं कोष्टक भारतीय वेळेत असतं. साडेपाच तासांचा फरक म्हणजे मुंबईत जवळपास भरतीची ओहोटी.

साडेपाच तासांची चूक निदान डोळ्यांना दिसते. जास्त घातक आहे ती अर्ध्या तासाची. काही प्रोग्रॅम वेळेचा फरक पूर्ण तासांतच घेतात. मग कुणीतरी ५ टाकतो आणि पुढे जातो. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या मधल्या काळात मुंबईचं पाणी तासाला सुमारे ९० सेंटिमीटर चढतं. अर्धा तास म्हणजे ४५ सेंटिमीटर. गेजमधून भरती वजा करून जो उरलेला भाग काढतात, त्यात हे ४५ सेंटिमीटर सर्जसारखेच दिसतात. ओळखायची खूण अशी: उरलेला भाग वादळ नसतानाही दर सहा तासांनी वरखाली होत असेल, आणि भरती पूर्ण भरलेली असताना किंवा पूर्ण ओसरलेली असताना शून्याजवळ येत असेल, तर ते घड्याळ आहे, सर्ज नाही.

हाताशी कोष्टक नसेल तर कॅलेंडरवरची तिथी बघा. कोळीवाड्यात आणि किनाऱ्यावर भटकणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तास-सव्वा तास इकडेतिकडे होईल, पण मॉडेल जर पौर्णिमेच्या दुपारी बाराला ओहोटी दाखवत असेल तर चूक कुठे आहे हे कळायला एवढं पुरेसं आहे.

डेटम: कुठल्या शून्यापासून मोजताय?

माझ्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये सर्वांत जास्त वेळा हीच चूक सापडते.

मुंबईत किमान चार शून्य वापरात आहेत. बंदराचे नकाशे आणि भरतीची कोष्टकं चार्ट डेटमवर चालतात. जमिनीच्या उंचीचे नकाशे समुद्राच्या सरासरी पातळीवर. ही सरासरी पातळी अपोलो बंदरला चार्ट डेटमच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. महापालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्यांच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉल डेटम असतो, आणि त्याचे आकडे या दोन्हींशी सरळ जुळत नाहीत. चौथा शून्य जीपीएस आणि ड्रोनचा: तो पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतो, आणि मुंबईत त्याचा समुद्रपातळीशी फरक साठ मीटरहून जास्त आहे. ड्रोनच्या सर्वेक्षणात वरळीची जमीन उणे पन्नास-साठ मीटर दिसली तर घाबरू नका, रूपांतर राहिलंय.

रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घ्या. दर पावसाळ्यात पालिका ४.५ मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. ते ४.५ मीटर चार्ट डेटमपासून. सरासरी समुद्रपातळीपासून ते साधारण २ मीटर. आता एखाद्याने जमिनीच्या नकाशावर, जो सरासरी पातळीपासून मोजलाय, थेट ४.५ मीटरची रेघ मारली तर ज्या भागात कधी समुद्राचं पाणी आलं नाही तोही बुडालेला दिसतो. असे रंगीत नकाशे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरतात आणि लोक विनाकारण धास्तावतात. त्याहून वाईट म्हणजे दोन-तीनदा धास्तावून काही झालं नाही की लोक खऱ्या इशाऱ्याकडेही बघत नाहीत.

डेटमच्या चुकीचा दुसरा परिणाम कमी दिसतो. समुद्रतळाची खोली दोन ठिकाणांहून जोडलेली असते: खोल समुद्रासाठी गेबको (जगभरच्या समुद्रतळाच्या खोलीचा नकाशा), किनाऱ्याजवळ नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे चार्ट. गेबको साधारण सरासरी पातळीपासून मोजलेलं, चार्ट मात्र चार्ट डेटमपासून. न बदलता जोडलं तर जोडावर अडीच मीटरची पायरी तयार होते. खोल पाण्यात याने फरक पडत नाही. पण वाऱ्याने पाणी जितकं चढतं ते खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतं. साडेसात मीटर खोल पाण्याला मॉडेलने पाच मीटर समजलं, तर तिथे वाऱ्याने चढणारं पाणी दीडपट दाखवलं जाईल. आणि हे फक्त वादळातच दिसेल. शांत दिवशी सगळं गोडीगुलाबीत असेल.

इशाऱ्यातला आकडाही नीट वाचा. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० मध्ये, हवामान खात्याने मुंबई, ठाणे, रायगडसाठी १ ते २ मीटर सर्ज सांगितला होता, तो नेहमीच्या भरतीच्या वर. तो एकूण पाण्याची पातळी समजून मॉडेलशी ताडला तर तुलना पहिल्या पावलालाच फसते.

वारा

भरती जुळली, डेटम जुळला, तरी वादळाचा माथा चुकतोय? आता वाऱ्याकडे या. पाण्यावर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो, म्हणून वेगातली छोटी चूक सर्जमध्ये मोठी होते.

एकक आधी: नॉट, किलोमीटर प्रतितास, मीटर प्रतिसेकंद. नॉट समजून किलोमीटर टाकले तर वेग पावणेदोनपटीच्या वर जातो आणि जोर साडेतीनपटीच्या जवळ जातो. हे लगेच लक्षात येतं. मोजणीचा कालावधी मात्र लक्षात येत नाही. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकी लष्कराचं वादळ-इशारा केंद्र जेटीडब्ल्यूसी एका मिनिटाची, आणि बहुतेक सर्ज मॉडेलना दहा मिनिटांची हवी असते. समुद्रावर एका मिनिटाचा वेग दहा मिनिटांवर आणायला ०.९३ ने गुणतात. जुनी पद्धत ०.८८ ने गुणायची. पहिल्याने जोर सुमारे १३ टक्के कमी होतो, दुसऱ्याने २३ टक्के. कुठला गुणक वापरला हे अहवालात लिहाच, दुसऱ्या कुणाला तुमचा आकडा परत काढता आला पाहिजे.

झोताचा, म्हणजे काही सेकंदांच्या झटक्याचा, वेग सरासरीच्या जागी टाकण्याची चूकही नेहमीची. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून सुमारे दीडशे किलोमीटरवरून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. बातम्यांत हाच आकडा होता, आणि तो झोताचा होता. तासन्‌तास पाणी ढकलतो तो सरासरी वारा, झोत नव्हे.

दिशा. हवामानवाले वारा कुठून येतो ते सांगतात, काही मॉडेलना तो कुठे जातो ते हवं असतं. इथे १८० अंशांची गफलत झाली की सर्जच्या जागी पाणी उतरताना दिसतं. पण पाणी उतरलं म्हणजे चूकच असंही धरू नका. त्याबद्दल पुढे.

दाब तपासायला एक सोपी युक्ती. वारा बंद करा, वादळ खोल समुद्रात एका जागी उभं करा, केंद्रात ९८० आणि बाहेर १००६ हेक्टोपास्कल द्या. एका हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे केंद्राखाली पाव मीटरच्या आसपास पाणी उचललं पाहिजे. शेकडो पट जास्त किंवा कमी आलं तर एकक चुकलंय. आणि बाहेरचा दाब १०१३ असा आयता भरलेला असेल तर तो बदला. मे-जूनमध्ये अरबी समुद्रावर तो त्याहून बराच खाली असतो. हा फरक नुसत्या दाबातून काही सेंटिमीटरचाच असतो, पण हॉलंड या शास्त्रज्ञाच्या १९८० च्या, दाबावरून वारा काढणाऱ्या सूत्रातून वारा काढत असाल तर दाबातला फरक वाऱ्यातही उतरतो.

मग वादळाचा आकार. केंद्रापासून सर्वांत जोरदार वाऱ्यापर्यंतची त्रिज्या मार्गाच्या फाइलीत बऱ्याचदा नसते, आणि प्रोग्रॅम स्वतःच एक आकडा भरून टाकतो. तो आकडा उघडून बघा. उपग्रहाच्या चित्राशी त्याचा काही मेळ बसतो का?

वादळाची कुठली बाजू मुंबईवर आली?

हा भाग इंजिनिअर मंडळी घाईत ओलांडतात. माझ्या मते मुंबईचा सगळा प्रश्न इथे आहे.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. कोकण किनाऱ्यावर पश्चिमेकडून येणारं वादळ जिथे जमिनीवर चढतं, त्याच्या दक्षिणेला वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे जातात. म्हणजे वादळ वसई-पालघरकडे आदळलं तर मुंबईवर पाणी चढतं. अलिबाग-श्रीवर्धनकडे आदळलं तर मुंबईचं पाणी उलट ओढलं जाऊ शकतं. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीवर आलं. रायगड-रत्नागिरीतल्या लोकांनी त्याची फार मोठी किंमत मोजली. सुपारीच्या, नारळाच्या, आंब्याच्या बागा गेल्या, घरांची छपरं गेली. मुंबई वादळाच्या डाव्या बाजूला राहिली.

म्हणून मॉडेलने निसर्गसारख्या मार्गासाठी मुंबईत कमी सर्ज किंवा उणे सर्ज दाखवला तर ते बिघाडाचं लक्षण नाही. वारा कुठून येतोय हे दर तीन तासांनी नकाशावर बघा; तो जमिनीवरून येत असेल तर पाणी उतरणं बरोबर आहे. तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जातं तेव्हा आणखी वेगळं: दक्षिणेकडून वाहणारा वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याला उजवीकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे ढकलतो, आणि वादळ पुढे सरकल्यावर वारा पश्चिमेचा झाला की पाणी थेट अंगावर येतं. मॉडेलची हद्द लहान असेल तर यातला पहिला भाग त्यात पकडलाच जात नाही.

हद्द, वेळेची पायरी, लाटा

मुंबईसमोरचा उथळ समुद्र सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे केरळकडे जाताना हा पट्टा अरुंद होत जातो. मॉडेलची समुद्राकडची सीमा या उथळ पट्ट्यावर ठेवली असेल तर बाहेर साठत आलेलं पाणी आत येत नाही आणि सर्ज कायम कमी दिसतो. सीमा खोल पाण्यात न्या. याला पैसे लागत नाहीत, संगणकाचा वेळ लागतो.

मॉडेल मधेच फुटत असेल किंवा एखाद्या बिंदूवर पाणी सुळकन वर जात असेल तर वेळेची पायरी निम्मी करून बघा. उत्तर बदललं नाही तर पायरी ठीक होती. बदललं तर आधीचा कुठलाच रन धरू नका.

लाटांचं मॉडेल जोडलं नसेल तर उघड्या पश्चिम किनाऱ्यावर, वरळीपासून वर्सोव्यापर्यंत, लाटा फुटून चढणारं जास्तीचं पाणी हिशेबात नाही हे स्पष्ट लिहा. अपोलो बंदरचा गेज बंदराच्या आत असल्याने तिथे ही उणीव दिसतच नाही.

इथून पुढे खर्च सुरू होतो: तळ, खाड्या, जमीन

अपोलो बंदरला उत्तम आणि माहीमला बेकार, हे लक्षण असेल तर वाऱ्याला दोष देऊ नका. गेबकोचा एक चौकोन सुमारे ४५० मीटरचा. मिठी नदी माहीम कॉजवेखालून जिथे समुद्राला मिळते तिथलं पात्र त्याहून कितीतरी अरुंद. मॉडेलला तिथे एकतर भिंत दिसते किंवा भलामोठा दरवाजा. पहिल्या प्रकारात खाडी कोरडी राहते, दुसऱ्यात धारावी-बीकेसीपर्यंत पाणी मोकळं धावतं. दोन्ही खोटं. खाडीच्या रुंदीत निदान चार-पाच चौकोन बसतील इतकी बारीक जाळी तिथे लागते, आणि तेवढी बारीक जाळी केली की तेवढी बारीक खोलीही लागते, जी इंटरनेटवर फुकट मिळत नाही.

किनारा स्वतःही बदललाय. न्हावा-शेवाकडे जाणारे जहाजांचे मार्ग खोदून खोल केलेत. पश्चिमेला कोस्टल रोडसाठी भराव पडला आणि २०२४ मध्ये रस्ता सुरू झाला. जुना किनारा असलेली जाळी आजच्या मुंबईची नाही.

जमिनीची उंची तर आणखी अवघड. फुकट मिळणारा एसआरटीएमचा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेला. रडारला जमीन कमी आणि छपरं, झाडांचे शेंडे जास्त दिसतात. शिवडीच्या, भांडुपच्या, गोराईच्या खारफुटीत मॉडेलला चिखलाच्या जागी काही मीटर उंच टेकडी दिसते आणि मागची वस्ती सुरक्षित वाटते. मुंबईत जिथे धोका सर्वाधिक तिथेच हा नकाशा सर्वाधिक फसवतो. ज्या नकाशातली चूकच दोन-तीन मीटर, त्यावर अर्ध्या मीटरच्या सर्जने कुठली गल्ली बुडेल हे सांगू नये. नीट काम करायचं असेल तर विमानातून लेसरने उंची मोजणारं लायडार सर्वेक्षण किंवा जागेवर केलेलं लेव्हलिंग हवं.

घर्षण सगळ्यात शेवटी

तळाचं घर्षण आणि वाऱ्याचा ओढ गुणांक (वारा पाण्याला किती जोराने ओढतो तो आकडा) ही दोन बटणं फिरवून जवळपास कुठलाही आकडा काढता येतो, म्हणूनच ती शेवटी ठेवलीत. शांत पंधरवड्यात भरतीची उंची आणि वेळ दोन्ही जुळली असतील तर तळाचं घर्षण पुरेसं बरोबर आहे. वादळ जुळवण्यासाठी त्याला हात लावू नका. ओढ गुणांक जोरदार वाऱ्यात अमर्याद वाढत नाही, साधारण ३० ते ३५ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे तो थांबतो, म्हणून त्याला वरची मर्यादा घातलेली आहे का तेवढं बघा. एका वादळावर जुळवलेलं मॉडेल दुसऱ्या वादळावर, काहीही न बदलता, चालवून दाखवा. ते जमलं नाही तर जुळवणी झालेली नाही.

हे सगळं करून जे उरतं

आता कालचा आणि आजचा अंदाज वेगळा का, या प्रश्नाकडे वळता येतं. चोवीस तास आधी सांगितलेला वादळाचा मार्ग आजही सरासरी पन्नास ते शंभर किलोमीटरच्या घरात चुकू शकतो. कुलाबा ते श्रीवर्धन तेवढंच अंतर. म्हणजे एका दिवसाच्या अंदाजाच्या चुकीत मुंबई वादळाच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला जाऊ शकते, पाणी उतरण्यापासून पाणी चढण्यापर्यंत. मॉडेल कितीही चांगलं केलं तरी हे मिटणार नाही.

म्हणून एक मार्ग चालवू नका. मार्ग उत्तरेला आणि दक्षिणेला सरकवून, वेग कमी-जास्त करून, जोर कमी-जास्त करून अनेक रन चालवा. आणि त्यांची सरासरी कृपा करून देऊ नका. निम्म्या रनमध्ये पाणी दीड मीटर चढत असेल आणि निम्म्यांमध्ये थोडं उतरत असेल, तर सरासरी अर्ध्या मीटरच्या वर येईल, आणि असं पाणी कुठल्याही वादळात येणार नाही. पल्ला द्या, आणि वाईट टोक कुठल्या मार्गाने येतं ते शब्दांत लिहा: ‘वादळ वसईच्या दिशेने वळलं तर’.

येण्याची वेळ हा मुंबईसाठी मार्गाइतकाच मोठा प्रश्न आहे. तौक्ते आलं तेव्हा अमावास्या ११ मेला होऊन गेली होती, पौर्णिमा २६ मेला होती. १७ मे म्हणजे भांगाकडे झुकलेले दिवस. भांगाची सरासरी भरती ३.३० मीटर, उधाणाची ४.४२. तेच वादळ नऊ दिवस उशिरा आलं असतं तर वाऱ्याचा एकही किलोमीटर न वाढता मुंबईला मीटरभर जास्त पाणी बघावं लागलं असतं. निसर्ग उलट वटपौर्णिमेच्या, ५ जूनच्या, दोनच दिवस आधी आलं. समुद्र उधाणाकडे चालला होता. त्यामुळे प्रत्येक मार्ग निदान तीन वेगवेगळ्या वेळी आदळवून बघा, आणि भरती व सर्ज एकाच रनमध्ये चालवा. उथळ पाण्यात दोघं एकमेकांवर परिणाम करतात. वेगवेगळे काढून नंतर बेरीज केली तर माथ्याची उंचीही चुकते आणि वेळही.

मुंबईला इतक्या बारकाव्याने पाणी मोजावं लागतं याचं कारण वरून येणारं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. समुद्र चढलेला असला की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी बाहेर जात नाही, सगळा भार हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्हसारख्या पंपिंग स्टेशनांवर येतो. त्या तासांत तीस सेंटिमीटरही महत्त्वाचे. सर्ज मॉडेलमध्ये पाऊस नसेल तर ‘पूर येणार नाही’ असं वाक्य लिहायचा हक्क त्या मॉडेलला नाही.

थांबायचं कुठे

वादळ प्रत्यक्ष समुद्रात उठलेलं असेल तर स्वतःच्या मॉडेलचा नकाशा कुणालाही पाठवू नका, घरच्या ग्रुपवरही नाही. त्या वेळी कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राची पत्रकं आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा) सर्ज इशारा धरायचा. शहरातल्या पाण्यासाठी महापालिकेचं आपत्ती व्यवस्थापन, दूरध्वनी १९१६. दोन वेगवेगळे आकडे फिरले की माणसं सोयीचा आकडा उचलतात.

तुमचा आकडा एखाद्या बांधकामात जाणार असेल, म्हणजे संरक्षक भिंतीची उंची, इमारतीचं जोतं, पंपाच्या मुखाची पातळी, तर पहिल्या पाच-सहा तपासण्या करून थांबा आणि किनारी अभियांत्रिकीतल्या जाणकाराकडे जा. खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र याच कामासाठी आहे. आयआयटी मुंबईत आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातही या विषयातली माणसं आहेत. खाडीची खोली मोजायची गरज असेल तर तेही स्वतः होडी घेऊन करायचं काम नाही. बंदराच्या हद्दीत परवानगी लागते, आणि सर्वेक्षण करणाऱ्याला डेटम कसा बांधायचा हे माहीत असतं.

घर्षण आणि ओढ गुणांक दोन्ही पुस्तकी मर्यादेबाहेर नेल्याशिवाय आलेख जुळत नसेल, तरीही थांबा. कुठेतरी अशी चूक आहे जी तुम्हाला दिसत नाही, आणि ती दुसऱ्याच्या डोळ्यांना दहा मिनिटांत दिसू शकते.

जाताना सोबत एवढं न्या: वारा बंद असलेल्या रनचा आलेख गेजसह, प्रत्येक फाइलीची वेळ आणि डेटम लिहिलेला कागद, वादळाच्या मार्गाची मूळ फाइल जशी मिळाली तशी, आणि वाऱ्याच्या वेगाला कुठल्या गुणकाने गुणलं त्याची नोंद. खोलीची माहिती कुठल्या वर्षाची आहे तेही त्याच कागदावर लिहा. बहुतेक जाणकार पहिला प्रश्न तोच विचारतात.